टिटवीचा आवाज आणि नाटकाची तिसरी घंटा

वेळ सायंकाळी साडेसहाची. एका जंगलातल्या नदीचं कोरडं पात्र. वाळूत टिटवीची अंडी. घोरपड आली, आणि टिटवी ओरडली नाही.

का ओरडली नाही, ते सांगतो. मुलांनो, चुळबूळ करू नका.

टिटवीचा आवाज जंगलात सर्वांत कर्कश. तो कानावर पडला की गवाआप्पा शिंगं रोखून धावत यायचे आणि घोरपड पळ काढायची. शेजारच्या पाखरांचीही अंडी होतीच. म्हणून टिटवीने बाभळीवर पाटी लावली : ‘माझा आवाज कोणीही वापरावा. संकटात वापरा, हौसेने वापरा. धंद्यासाठी वापरू नये.’

पाटी मोठी होती. अक्षर सुवाच्य होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे पंचांसमोर ती पाहिल्याचं कोणालाच आठवेना.

त्याच जंगलात साळिंदरराव नाटक कंपनी चालवायचे. नाटकाचं नाव ‘वारुळातली वहिनी’. दोन घंटा झाल्या तरी प्रेक्षक बाहेर भजी खात उभे राहत. मग साळिंदररावांनी पोपटाकडून टिटवीचा आवाज पाठ करून घेतला आणि तिसरी घंटा म्हणून लावला. पहिल्याच प्रयोगाला सशाच्या हातातली भजी पडली. सगळे धावत आत येऊन बसले. प्रयोग हाउसफुल्ल.

टिटवी जाब विचारायला गेली.

“साळिंदरराव, पाटी वाचलीत का?”

“वाचली की. हौसेने वापरा म्हटलंय. नाटक ही माझी हौसच आहे, बाई.”

“दारात तिकिटं फाडताय.”

“तिकीट कुठलं? देणगी प्रवेशिका आहे ती. नीट वाचा.”

“देणगी दिली नाही तर आत सोडता?”

“नाही. पण त्याला आम्ही तिकीट म्हणत नाही.”

“आणि देणगीतून तुमचं नवं बीळ झालं, ते?”

“ते कलामंदिर आहे. मी तिथे राहतो, ही गोष्ट वेगळी. आणि काय हो, तुमचा आवाज आज घराघरात पोचला, त्याबद्दल एक शब्द नाही तुमच्या तोंडून?”

प्रयोगांवर प्रयोग झाले. जंगलाच्या अंगवळणी पडलं. टिटवीचा आवाज आला की खाली बसायचं, बोलणं थांबवायचं, समोर बघायचं.

मग एका सकाळी नदीत घोरपड आली. टिटवी जीव तोडून ओरडली. गवाआप्पा होते तिथेच बसले. हरणं ओळीने बसली. मागच्या माकडाने पुढच्या सांबराला शिंगं खाली घ्यायला सांगितलं. घोरपडीने सावकाश शेजारच्या तितराची अंडी खाल्ली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पंचांकडे तक्रार गेली. टिटवीची नव्हे, साळिंदररावांची. बाई नदीत फुकट घंटा वाजवतात, प्रेक्षक तिथेच बसून राहतात, कंपनीचं नुकसान होतं. पंच होते गवाआप्पा.

“टिटवीबाई, हा आवाज तुमचा कशावरून?”

“माझ्या गळ्यातून येतो, आप्पा.”

“पोपटाच्याही येतो. त्याचा जास्त स्वच्छ येतो. तुमच्या आवाजात घरघर आहे.”

“भीतीने होते ती.”

“नाटकात होत नाही,” आप्पा म्हणाले.

निकाल लागला. तिसरी घंटा ही कंपनीची मालमत्ता आहे. टिटवीने विनापरवाना ओरडू नये. ओरडायचं असल्यास आदल्या दिवशी अर्ज करावा.

त्या सायंकाळी साडेसहाला घोरपड काही आदल्या दिवशी कळवून आली नव्हती. टिटवीने पंख आपटले, चोचीने टोचलं. घोरपडीची कातडी जाड. सूर्य मावळेपर्यंत वाळूत नुसती टरफलं उरली.

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याची वस्तू उचलताना घाबरू नये. दारावर ‘देणगी’ लिहावं आणि मालकाच्या आधी आपण तक्रार करावी. ज्याला उशीर होतो, तो चोर ठरतो.

राहता राहिली एक गोष्ट. त्या रात्रीच्या प्रयोगाला घोरपड पहिल्या रांगेत होती. तिच्याकडे मानाची प्रवेशिका होती. ती तिला कोणी दिली, हे कंपनीने अद्याप सांगितलेलं नाही.