दोन पानांत स्क्वाड्रन

आगाशी गावावरून विमान गेलं की राऊतकाका हातातलं काम टाकून बाहेर येतात. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असो, नाहीतर बँकेत त्यांचा नंबर आलेला असो. मान वर, तोंड किंचित उघडं, डावा कान पुढे. विमान दिसेनासं झालं की निदान: "बरंय. खोकला नाही." किंवा, "डावं इंजिन कुरकुरतंय. उतरल्यावर बघतील." सोसायटीच्या सत्यनारायणाला ते ऐन कथेत उठले, तेव्हा भटजी पोथीत बोट ठेवून थांबले. काका परत येऊन बसले, "ओके रिपोर्ट" म्हणाले आणि साधुवाण्याचं जहाज पुढे निघालं.

वामन राऊत हवाई दलात इंजिन फिटर होते. आगाशीच्या केळीच्या वाडीत जन्मले, नोकरीची बहुतेक वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये काढली आणि निवृत्त होऊन पुन्हा वाडीत आले. वाडीच्या मोठ्या तुकड्यावर आता आमची इमारत उभी आहे. काका-काकी तळमजल्यावर राहतात आणि मागे उरलेल्या केळींना पाणी घालतात. मी मूळचा कणकवलीचा, विम्याच्या कचेरीत नोकरीला. राहायला आलो त्याच दिवशी काकांनी मला जिन्यात अडवलं.

"नाव?"

"सावंत."

"गाव?"

"कणकवली."

"आमच्यात एक होता कणकवलीचा. विमानाच्या शेपटीवर गरुड रंगवायचा. पहिल्या खेपेला कोंबडा झाला. मोठे साहेब आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत."

मी विचारलं, "तुमच्या स्क्वाड्रनचा नंबर काय, काका?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "सांगता येत नाही. सिक्युरिटी."

तो नंबर त्यांच्या टोपीवर, चहाच्या मगवर आणि स्कूटरच्या मडगार्डवर आहे. दारावरच्या पाटीवर तर तो नावापेक्षा मोठा आहे.

वैमानिकांबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "पायलट म्हणजे ड्रायव्हर हो! बसला, गेला, आला. विमान कोणाचं? आमचं. त्याला आम्ही तासभर वापरायला द्यायचो."

या मतामागे एक जुनी जखम होती. कुठल्याशा वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांच्या स्क्वाड्रनवर पानभर लेख आला होता. त्यात शेवटी एक वाक्य होतं: 'जमिनीवरील कर्मचाऱ्यांचेही सहकार्य लाभले.' ते कात्रण काका मला दर महिन्याला दाखवायचे. "चेही! तो 'ही' बघा, सावंत! रात्रंदिवस ऑइलमध्ये हात घालून आम्ही काय झालो, तर 'ही'!"

त्या 'ही'ला उत्तर म्हणून काकांनी स्क्वाड्रनचा इतिहास लिहायला घेतला. अकरा वह्या झाल्या. त्यात लढाईला दीड पान आहे आणि धावपट्टीवर मिळणाऱ्या चहाला चौतीस. मला मराठी टायपिंग येतं हे कळल्यापासून माझे रविवार त्या चहात बुडाले.

आणि मग स्क्वाड्रनकडून पत्र आलं. वर्धापनदिनाला स्मरणग्रंथ निघणार होता. जुन्या मंडळींनी आठवणी पाठवाव्यात, कुठल्याही भाषेत चालतील, जास्तीत जास्त दोन पानं.

"मिस्टेक आहे," काका म्हणाले. "दोनशे लिहायचं असणार. शून्यं राहिली."

त्यांनी खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडे पोरसवदा अधिकारी होता, नातवाच्या वयाचा. त्याचा आवाज येताच काका खुर्चीतून उठले आणि लुंगीवर, सावधान स्थितीत उभे राहिले. "यस सर. दो पन्ने, सर. समझ गया, सर." फोन ठेवून हळूच खाली बसले.

पुढचे दोन रविवार आम्ही अकरा वह्या दोन पानांत कोंबायचा प्रयत्न केला.

"अक्षर बारीक करा."

"काका, याहून बारीक केलं तर मुंगीला चष्मा लागेल."

"मग समास काढा."

समास काढले. तरी नुसता चहाच कडेनं सांडत होता. काकी शेजारी बसून वाल सोलत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अकरा वह्यांत मी कुठल्या पानावर आहे?"

काका समोरच्या वहीची पानं उलटायला लागले.

"नाही, सहज विचारलं. तुम्ही बॉर्डरवर असताना मी क्वार्टरमध्ये दोन पोरी एकटीनं वाढवल्या. मोठीला गोवर आला तेव्हा तुम्ही विमानाचा ताप बघत होता. म्हटलं, माझं 'ही' तरी असेल."

काकांनी वह्या मिटल्या. "आज बस, सावंत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून येताना ते फाटकातच उभे होते. "ठरलं. गोष्टी नाहीत. फक्त नावं. फिटर, रंगारी, आचारी, शिंपी, झाडूवाला, सगळे. नाव आणि काम. दोन पानांत बसतील."

काका डोळे मिटून बराकीच्या एका टोकापासून निघाले आणि खाटेमागून खाट सांगत गेले. मी टाइप करत होतो. कुठला कोण, कोण घोरायचा, कुणाला भोपळा चालायचा नाही, सगळं लख्ख. यादीत बायकाही आल्या. 'कुमुद वामन राऊत, क्वार्टर्स' हे टाइप झाल्यावर काकी म्हणाल्या, "मला कशाला तुमच्या फौजेत," आणि पदरानं चष्मा पुसून स्क्रीनपाशी वाकल्या.

मग काका अडले.

"माझ्या शेजारची खाट," ते म्हणाले. "इंजिन फिटर. नाकात बोलायचा. मला टायफॉइड झाला तेव्हा रोज पेज भरवायचा मला, चमच्यानं. त्याचं नाव..."

मी थांबलो. काकी थांबल्या. काकांनी कपाळ चोळलं, उठून वाडीत चक्कर मारून आले. नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. त्यांच्या जुन्या डायरीतले अर्धे नंबर बंद होते. एका ठिकाणी सुनेनं उचलला: "बाबूजी तो नहीं रहे, अंकल." दुसरीकडे विमानात दारूगोळा भरणाऱ्या एका जुन्या आर्मररला ऐकूच येईना. तिसरा ओळख पटताच आनंदानं ओरडला, "हाँ हाँ, वही, नाकवाला! नाम? नाम तो तू बता, यार. तेरा दोस्त था."

काकांनी फोन मांडीवर ठेवला. वरून एक विमान गेलं. ते उठले नाहीत.

मुदत संपत आली तेव्हा मी म्हटलं, "काका, ती ओळ काढून टाकू या का? कोणाला कळणार आहे?"

"नाव मी विसरलो, सावंत. म्हणजे तो नव्हता असं होत नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "जागा सोडा. पुढे लिहा, इंजिन फिटर, शेजारची खाट."

आठवड्यानं त्या पोरसवद्या अधिकाऱ्याचा फोन आला. एका ओळीत नाव राहिलंय, असं तो सांगत होता. काका उठून उभे राहिले.

"नहीं सर," ते म्हणाले. "छूटा नहीं है. लाइन वैसे ही छापिए, सर."

ग्रंथ टपालानं आला. जाड, गुळगुळीत, पुढे वैमानिकांचे फोटो. आमची दोन पानं शेवटी होती, बारीक टायपात, पण जशीच्या तशी. काकांनी फोटोंची पानं भराभर उलटली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं नावं वाचायला सुरुवात केली. काकी समोर केळीची पानं पुसत होत्या.

रिकाम्या जागेशी आल्यावर काका थांबले. एक नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ. काकींचा हातही पानावर तसाच थांबला.

मग त्यांनी पुढचं नाव वाचलं.