छायाक्षेत्र, बावीस गुंठे

"महिनाभरात आमच्या वाडीत टॉवर उभा करून दाखवतो," असं मी सुरभीच्या आईला अगदी शांतपणे सांगितलं. 'येताना कोथिंबीर घेऊन येतो' हे माणूस ज्या शांतपणे सांगतो ना, तेवढ्याच शांतपणे! हातात त्यांच्याच घरचे पोहे होते.

सुरभी कर्जतची. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते, दिवसभर कानाला हेडफोन. मी तिला पसंत होतो. हे तिनेच सांगितलं, त्यामुळे अफवा नाही. अट एकच होती.

"लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. तुमच्या घरात रेंज असेल तर साखरपुडा. नसेल तर... तुम्ही माणूस चांगले आहात."

या वाक्याचा शेवट मला अजिबात आवडला नाही. म्हणून टॉवर.

आमची भोकरवाडी कर्जत तालुका संपतो आणि खालापूर तालुका सुरू होतो त्या सांध्यावर आहे. कर्जतकडच्या टॉवरला वाटतं ही खालापूरची जबाबदारी, खालापूरकडच्या टॉवरला वाटतं ही कर्जतची. दोघेही इतके सभ्य, की दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकत नाहीत! अख्ख्या वाडीत रेंज येते ती एकाच ठिकाणी: छायाकाकीच्या शेतात. तिथे डोंगराला फट आहे, त्या फटीतून ती थेट आत येते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सगळी वाडी काकीच्या बांधावर बगळ्यांसारखी एका पायावर उभी, कानाला फोन! आणि काकी मागून काठी घेऊन.

"माझा वाल तुडवून कुनाकुनाची खुशाली इचारताय रं? निघा!"

अशात बातमी आली, की ज्या गावांत फोन लागत नाही तिथे टॉवर उभारायला सरकार अनुदान देणार आहे. कुठली गावं त्यात बसतात हे पाहणी करून ठरणार. आमचे सरपंच पोपटकाका, म्हणजे छायाकाकीचे सख्खे दीर, त्यांनी या कामी मला वाडीचा डिजिटल प्रतिनिधी नेमलं. पात्रता एवढीच, की वाडीत न तडकलेल्या काचेचा फोन माझ्या एकट्याकडे होता.

मी कर्जतला जाऊन अर्ज भरला आणि आठवड्यात फोन आला! अर्थातच मी तेव्हा काकीच्या बांधावर होतो, एका पायावर.

"प्रवीण आपणच का? मी पाहणी अधिकारी उमा बोलतेय. उद्या सकाळी येते. आपल्या गावातलं छायाक्षेत्र मला प्रत्यक्ष बघायचंय. टॉवरचं सगळं त्यावरच ठरेल."

"छाया... क्षेत्र?"

"हो, छायाक्षेत्र. सरपंचांनाही थांबायला सांगा."

तेवढ्यात काठी आली आणि मी संभाषण आटोपतं घेतलं.

आता क्षेत्र म्हणजे काय, हे रायगडातल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. सातबाऱ्यावर असतं ते क्षेत्र! नाव छाया, क्षेत्र बावीस गुंठे. सरकारला काकीचं शेत बघायचं होतं! मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. विहीर कुठे खणतात? पाणी लागतं तिथे. मग टॉवर कुठे लावणार? रेंज लागते तिथे! सरकारचा इतका शास्त्रीय दृष्टिकोन बघून मला भरून आलं.

काकीला सांगितलं तर तिला वेगळंच भरून आलं.

"सरकार शेत बघाया येतंय? रस्ता काढतायत काय माझ्या शेतातनं? कोयता कुठं हाय माझा?"

"अगं काकी, घेत नाहीत काही. टॉवर लावणार, वर तुलाच भाडं देणार. दर महिन्याला."

काकीने पदर खोचला. मग म्हणाली, "म्याडम वालाच्या शेंगा खातात ना रं? उकडून ठेवते."

पोपटकाकांना मात्र तो टॉवर त्या क्षणापासून घशात अडकला. "तिच्या शेतात? सरपंच मी हाय का ती?"

"वरून नाव आलंय, काका."

"वरच्यांना माजं नाव ठाव नाय?"

दुसऱ्या दिवशी उमा मॅडमची जीप आली. चेहरा असा, की समोर उभं राहिल्यावर शर्टाची गुंडी तपासावीशी वाटावी. काकी ठेवणीतली साडी नेसून बांधावर उभी होती. तिच्या मागे अख्खी वाडी.

"हेच छायाक्षेत्र?" मॅडमनी विचारलं.

"हेच, मॅडम," मी छाती काढून म्हणालो.

"एकूण किती?"

"बावीस गुंठे."

मॅडम चमकल्या. "अख्ख्या गावात एवढंच?"

"आदी लई होतं," काकी पुढे सरसावली. "दरसाल कमीच होत चाल्लंय."

"कमी होतंय? अरे वा! कशामुळे?"

"ह्यांच्यामुळं!" काकीने काठीचं टोक थेट पोपटकाकांच्या पोटाकडे रोखलं.

मॅडमनी पोपटकाकांकडे आदराने बघितलं. "सरपंच, तुम्ही स्वतः प्रयत्न करून गावातलं छायाक्षेत्र कमी केलंत?"

भावाचा बांध कोरल्याबद्दल पोपटकाकांना आजवर शिव्या मिळाल्या होत्या, एकदा चप्पलही मिळाली होती. आदर पहिल्यांदाच मिळत होता. ते चक्क लाजले.

"आता काय सांगू म्याडम... दर पावसाळ्याला थोडं थोडं करीत गेलो."

"फार चांगलं काम! बाकीच्या सरपंचांनी शिकण्यासारखं आहे. बरं, छाया इथे कायमची असते, की अधूनमधून?"

"कायमची!" काकी कडाडली. "अधूनमधून कोन म्हनलं? माह्यारला जाऊन वर्स झालं मला!"

मॅडमनी भुवया वर केल्या. काही विचारणार, तोच त्यांच्या पर्समधून टुंग टुंग टुंग सुरू झालं! फोन काढून त्या बघतच राहिल्या.

"छायाक्षेत्रात पूर्ण रेंज?"

"असणारच ना मॅडम!" मी अभिमानाने म्हणालो. "एवढी रेंज वाडीत दुसरीकडे कुठे शोधूनही सापडणार नाही!"

हे ऐकून पोपटकाकांचा संयम सुटला. टॉवर समोरून निघून चालला होता! त्यांनी बांधावरून उडी मारली. "म्याडम, हिकडं या! माज्या शेतात बघा! तिच्यापरास जास्ती येते!"

मॅडम पलीकडे गेल्या. तो कोरलेला तुकडा मूळचा काकीचाच, त्यामुळे तिथेही रेंज पूर्ण. "बघा!" पोपटकाका म्हणाले. "म्हनलं नव्हतं?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुमचं गाव बहुतेक अपात्र ठरणार."

वालसुद्धा हलायचा थांबला.

"पण का, मॅडम?"

"अहो, जिथे सिग्नल पोचत नाही, ती जागा म्हणजे छायाक्षेत्र! सिग्नलची सावली! तुम्ही दाखवलेल्या दोन्ही ठिकाणी माझ्या स्वतःच्या घरापेक्षा चांगली रेंज आहे."

मी काकीकडे बघितलं. काकीने माझ्याकडे बघितलं. मग तिने काठीकडे बघितलं.

"मंजी," काकी सावकाश म्हणाली, "माजं नाव त्यात न्हवतंच?"

"मॅडम!" मी काठीच्या टप्प्याबाहेर जात ओरडलो. "अजून एक संधी द्या!"

"नियमाप्रमाणे तीन ठिकाणं बघायची असतात," मॅडम म्हणाल्या. "निदान तिसऱ्या ठिकाणी फोन लागला नाही, तर गाव पात्र ठरेल. दाखवा."

"माझं घर!"

माझ्या घराबद्दल मला पूर्ण खात्री होती. आमच्या घरातून फोन लावायचा म्हणजे मडक्यात तोंड घालून पनवेलला हाक मारायची! मिरवणूक आमच्या ओटीवर आली. मॅडमनी फोन काढला. एक काडी नाही. कोपऱ्यात धरला, दारात धरला, नाही! 'सेवा उपलब्ध नाही' हे शब्द मला त्या दिवशी मंगलाष्टकांसारखे वाटले.

मॅडमनी पेन उघडलं. 'पात्र'मधला 'पा' लिहायला सुरुवातही झाली होती.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही.

"मॅडम, माझ्याही फोनवरून बघा! उगाच शंका नको!" मी फोन काढला, यादीत सर्वांत वर होता तो नंबर दाबला, स्पीकर सुरू केला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून खुर्चीवर चढून हात थेट कौलांपर्यंत नेला. "ऐका! काही ऐकू येतंय? मुकं! ठार मुकं! या घरातून आजवर कधीच—"

"हॅलो? प्रवीण?"

सुरभी!

मी खुर्चीवर तसाच गोठलो. वर बघितलं तर कौलांजवळ, फोनच्या कोपऱ्यात, एक काडी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा!

"अय्या, घरातून बोलताय? मागे कोंबड्या ऐकू येतायत! रेंज आली का तुमच्या घरात?"

"फोन लागलेला दिसतोय," खालून मॅडम म्हणाल्या. "रेंज आहे का तुमच्या घरात?"

एकच प्रश्न, एकाच वेळी दोघींनी विचारलेला, आणि दोघींना द्यायची उत्तरं उलटी! 'नाही' म्हटलं तर टॉवर, 'हो' म्हटलं तर बायको.

"नाय म्हन रं!" काकी दातओठ खात कुजबुजली.

"नाय म्हन, गाढवा!" आयुष्यात पहिल्यांदाच पोपटकाकांचं आणि काकीचं एकमत झालं.

"नाही..." मी म्हणालो. "म्हणजे हो... म्हणजे, तसं नाही."

"काय? नाही?"

"हो! म्हणजे रेंज नाही."

"मग बोलताय कसे?"

"मी बोलतच नाहीये, सुरभी!"

पलीकडे ती खळखळून हसली. "किती गंमत करता हो! आणि आवाज किती स्वच्छ येतोय, जसे शेजारीच उभे आहात! आई गं, ऐकलंस का? भोकरवाडीत रेंज आली! येत्या रविवारी साखरपुडा!"

आणि फोन कट. ती काडी गेली. मी दुसऱ्या खुर्चीवर चढलो, पाटावर खुर्ची ठेवून चढलो, आतेभावाच्या खांद्यावर चढलो. ती गेली ती गेलीच!

"मॅडम, गेली! बघा ना, गेली! आता बघा!"

"पण लागला होता," मॅडम म्हणाल्या. त्यांनी 'पा'च्या आधी एक स्वच्छ 'अ' काढला. "शिवाय साखरपुडाही ठरला. अभिनंदन!" जाताना काकीच्या वालाच्या शेंगा मात्र आवडीने खाल्ल्या, थोड्या बांधूनही घेतल्या.

टॉवर डोंगरापलीकडच्या वाडीला मिळाला. त्यांनी मॅडमना मुकाट्याने एका गोठ्यात नेऊन उभं केलं म्हणे. हुशार लोक!

छायाकाकीने शेताला काटेरी कुंपण घातलंय. "टावर नाय तर फोनबी नाय," असा तिचा फतवा आहे. पोपटकाकांच्या बाजूने जावं, तर ते आधी हातात कुदळ देतात. छायाक्षेत्र कमी करणं हे सरकारी काम आहे, मॅडमनी स्वतः शाबासकी दिलीय, असं ते आता उघड सांगतात. शेतात जाण्याचे दोन्ही रस्ते असे बंद.

साखरपुडा परवावर आला आहे. सुरभीने टेबल, खुर्ची आणि कॉम्प्युटरचा मोठा पडदा आधीच आमच्या घरी पाठवून दिलाय. तिला खरं काय ते सांगायचंच आहे, त्यात वादच नाही. पण फोन लागत नाही! कर्जत काही लांब नाही म्हणा, अर्ध्या तासात माणूस जाऊन येतो. पण असल्या नाजूक गोष्टी फोनवरच सांगाव्यात, या मताचा मी आहे.