बेहड्यातली बाळंतीण

आमच्या पाली गावात डॉक्टर परचुऱ्यांच्या दारावर पाटी आहे : 'येथे ताप तपासत नाहीत. कोंबड्याही तपासत नाहीत.' दुसरं वाक्य मागाहून आलं. "मी पक्ष्यांचा डॉक्टर आहे!" असं ते एकदा ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी लोक मानमोडी झालेल्या कोंबड्या घेऊन हजर!

जन्म गेला धनेश पक्ष्याच्या संशोधनात, पण माणसांशी सरळ बोलणं नाही. कोणी फांदी तोडली की कुंपणावरून "नालायक!" आलंच. मी शेजारीण, पण माझी तरी सुटका कुठे? "वहिनी, तुमच्या मिक्सरने अधिवास बिघडतो!" म्हटलं, बिघडू दे. मलाही चटणी वाटायची आहे.

त्या दिवशी मात्र मीही पेटले. मागच्या जागेचा मालक मुंबईला. मेल्याने फोनवरूनच सगळी झाडं ठेकेदाराला विकली. सकाळी करवतीचं इंजिन घुरघुरलं ते थेट जुन्या बेहड्यापाशी. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलेली. ही मादी स्वतःला आत कोंडून घेते, ढोलीचं तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला भरवतो. झाड पडलं की सगळंच संपलं.

डॉक्टर बनियनवरच धावले. "प्रजननकाळ आहे! सक्रिय घरटं आहे!"

तोडणारे हसायला लागले. मुकादम म्हणाला, "सायेब, मालकान झाडा इकलान. आमाला काय सांगताव?"

माझं डोकंच फिरलं. "प्रजनन काय, डोंबल! अहो, मराठीत सांगा त्यांना!"

डॉक्टर खोडाला पाठ लावून उभे राहिले. मग हात जोडून म्हणाले, "बाळंतीण आहे हो आत."

करवत थांबली. मुकादमाने वर बघितलं आणि आमच्यावरच भडकला. "मंग आदी नाय सांगायचा? बालंतिनीवर कोन करवत चालवल?"

पिल्लं उडेपर्यंत तेवढं झाड ठेवलं त्याने. बाकीची पाडलीच. मालकाचं नाव काढलं तरी माझं अंग अजून तापतं.

त्याच दुपारी चहा घेऊन गेले, तर डॉक्टर बेहड्याखालीच बसलेले. आवाजाला बुजलेला नर एकदाचा आला आणि फटीतून फळ देऊन गेला. मी विचारलं, "तुमच्या घरचं कोणी नाही का हो?"

मला वाटलं, आता ओरडतील. पण ते वर बघतच बोलले.

"मुलगी झाली तेव्हा मी अरुणाचलात होतो. परत आलो तर घराला कुलूप. तिला मी अजून बघितलेलं नाही, वहिनी. तिकडे मी, नर बायकोला कसा भरवतो, ते लिहून घेत होतो."