भुसा गेला कुठे

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर आर्विड नायगार्डनं गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि तिच्या जागी ड्रम सँडर आणून ठेवलं. मिनेसोटाच्या थंडीत गाडी बर्फात कुडकुडत उभी राहिली आणि मशीन उबेत. सँडपेपर गुंडाळलेला रूळ गरगर फिरतो, त्याखालून खरखरीत फळी सरकवायची आणि पलीकडून गुळगुळीत बाहेर काढायची, एवढंच त्या मशीनचं काम. फळी एका बाजूनं बाहेर येई आणि भुसा चहूबाजूंनी. तो स्वयंपाकघरात जाई, लोण्यावर बसे, धुतलेल्या चादरींत शिरे.

आर्विडची बायको मार्लिस कधी आवाज चढवत नसे. मे महिन्यातल्या एका रविवारी तिनं जेवणाच्या टेबलावर बोटानं रेघ ओढली आणि ते बोट नवऱ्याला दाखवलं.

"या टेबलावर पुन्हा चिमूटभर भुसा दिसला, तर ते मशीन व्हर्नकडे जाईल. मी त्याला विचारून ठेवलंय."

व्हर्न म्हणजे पलीकडच्या घरातला. त्यानं लगेच हो म्हटलं होतं, आणि आर्विडला त्याचाच जास्त राग आला.

तो हात धुऊन भुशाच्या मागे लागला. भुसा ओढणारी बारीक नळी काढून मनगटाहून जाड नळी बसवली. तिचे वळसे कमी केले, सांध्यांना चिकटपट्टी लावली, मशीनवरचं झाकण रुळाच्या अगदी जवळ आणलं. फळी सावकाश सरकवायला लागल्यावर सँडपेपर तुंबेना, लाकूड करपेना. जून उजाडेपर्यंत टेबल लख्ख झालं. आर्विड इतका हरखला, की भुसा कसा सर्रकन ओढला जातो हे बघायलाच तो आता अक्रोडाच्या फळ्या घासू लागला. मार्लिसला कबूल केलेली पेटी बाजूला राहिली. पेटीसाठी घेतलेल्या फळ्या घासून घासून पुठ्ठ्याएवढ्या पातळ झाल्या होत्या. आता त्यांची पेटी होणं शक्य नव्हतं, पण भुशाची पिशवी मात्र दर आठवड्याला गच्च भरत होती.

हा भुसा टाकायचा कुठे? मार्लिसच्या टोमॅटोंना घालावा तर त्या वाफ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जिल्ह्याच्या जत्रेत टोमॅटोची स्पर्धा असे. सहा वर्षं ओळीनं समोरच्या डोलोरेस कुंकेलला पहिल्या नंबरची निळी फीत मिळत आली होती आणि मार्लिसला दुसऱ्याची लाल. यंदा मार्लिसनं फेब्रुवारीतच खिडकीत रोपं धरली होती. ती त्यांच्याशी बोलायचीसुद्धा; नवऱ्याशी बोलायची त्यापेक्षा अंमळ जास्तच.

तेव्हा आर्विडनं भुसा आळीत वाटला. झाडांच्या बुडाशी पसरा, ओल टिकते, असं तो सांगे. व्हर्ननं पिशवी घेतली, डोलोरेसनं घेतली, कोपऱ्यावरच्या दोन घरांनीही घेतली. कुणी नको म्हटलं नाही. त्या गावात शेजाऱ्यानं दिलेलं नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. "अरे, इतकं कशाला," असं प्रत्येकजण म्हणाला आणि आर्विड फुशारून घरी आला.

जुलैच्या मध्यावर मार्लिसची रोपं माना टाकू लागली. तिनं पाणी वाढवलं, मग कमी केलं. पानांची खालची बाजू भिंग लावून पाहिली. एकदा ती वाफ्याशी बसून रडताना आर्विडला दिसली, आणि आपण काय करावं ते न सुचून तो गॅरेजमध्ये जाऊन उगाच एक फळी घासत बसला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

शनिवारी खिळे आणायला तो दुकानात गेला. दुकानदार सहज म्हणाला, "अक्रोडाचा भुसा टोमॅटोजवळ फिरकू देऊ नकोस हं. विषच ते. रोप बघता बघता वाळतं."

आर्विडनं मनात हिशेब केला. मार्लिसच्या वाफ्यात त्यानं चिमूटही टाकली नव्हती, पण आळीतल्या चार बागा त्याच्या हातून गेल्या होत्या. खिळे तिथेच ठेवून तो माफी मागायला निघाला.

डोलोरेसच्या अंगणात टोमॅटो लाकडी काठ्यांना पेलवत नव्हते. आर्विड बघतच राहिला. त्यानं अडखळत सगळं सांगितलं, तशी डोलोरेस पदपथाकडे बघू लागली.

"अरे, तुझा भुसा इतका चांगला, की आमच्या बागेला घालवेना. मला वाटलं मार्लिसलाच द्यावा. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून तिच्या पायरीवर ठेवला."

व्हर्ननंही डब्यात भरून मार्लिसलाच दिला होता. कोपऱ्यावरच्या दोघांनीही तेच केलं होतं. महिनाभर आळीतला सगळा भुसा दारोदार फिरून आपल्याच घरी परत येत होता.

घरी येऊन त्यानं मार्लिससमोर खुर्ची ओढली आणि खाली मान घालून कबुली दिली. मार्लिसनं सगळं ऐकून घेतलं.

"माहीत होतं का तुला, की तो माझाच भुसा आहे?" त्यानं विचारलं.

"नाही. डब्यात काय आहे, कुठून आणलं, हे विचारायचं का लोकांना? एवढ्या प्रेमानं दिलं म्हणून मी वाफ्यात पसरलं. कुंपणावरून बघतात ना सगळे."

"मशीन उद्याच व्हर्नला देतो," आर्विड म्हणाला.

मार्लिस उठली. तिनं स्वयंपाकघरातल्या फळीवरून आइस्क्रीमचे चार डबे काढले, स्वच्छ घासलेले, झाकणांसकट. जत्रेला अजून तीन आठवडे होते.

"हे डबे परत द्यायचे राहिलेत," ती म्हणाली. "आणि आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत."

आर्विडला समजायला जरा वेळ लागला.

"पण मार्लिस, डोलोरेसला आता ठाऊक आहे."

"असू दे ना. नको म्हणेल का ती? मी कुंपणापाशी उभी राहीन. माझ्यासमोर पसरेल, आणि वर थँक्यू म्हणेल."

तिनं गॅरेजमधून भुशाची पिशवी स्वतः उचलून आणली आणि जेवणाच्या टेबलावर डबे भरायला घेतले. तीन डबे भरले. चौथा भरताना हात हलला आणि मूठभर भुसा टेबलावर सांडला. आर्विड घाईघाईनं बाहीनं पुसायला धावला.

"राहू दे ते," मार्लिस म्हणाली. "तू जा, मशीन चालू कर. डोलोरेसचा डबा अर्धाच भरलाय."