सतरा नंबरची पावलं

कुत्र्याच्या पट्ट्याला आपल्या संस्थेचं घड्याळ बांधलेलं पाहून सूनबाई जिन्यातच थबकली. शेजारीणबाईंचा ढोल्या नेहमीसारखा तिच्या चपला हुंगायला आला होता. तिने वाकून पाहिलं. पावलं मोजणारं काळं घड्याळ, त्यावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर तिच्याच अक्षरात आकडा, सतरा.

"हे याच्या गळ्यात कुणी बांधलं?"

"तुमच्या बाबांनीच की!" शेजारीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "रोज बांधतात, रोज सोडून नेतात. शास्त्राचं काम आहे म्हणाले. पण आमचा ढोल्या काय बारीक झालाय बघा!"

सतरा नंबर म्हणजे तिचे सासरे. ज्येष्ठ माणसांचं चालणं आणि रक्तदाब हा तिच्या संशोधनाचा विषय होता. घड्याळं अजून काही महिने मनगटावर राहायची होती, पण पहिला पेपर नुकताच एका मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. त्यातला मुख्य आलेख सतरा नंबरचाच. पावलं भरपूर, रक्तदाब उतरलेला. फक्त एक गोष्ट तिला तेव्हाही खटकली होती. सतरा नंबर थोडं धावायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा धावायचा. "हे तपासून बघू या," असं ती म्हणालीही होती. पण विभागप्रमुखांनी त्या धावण्या-थांबण्याला 'थांबा-धावा पद्धत' असं नाव देऊन टाकलं आणि सगळ्या ज्येष्ठांनी असंच चालावं, अशी शिफारस पेपरात घुसडली.

पूर्ण पेपरात त्यांचं वाक्य ते एवढंच. नाव मात्र पहिलं त्यांचं. विभागातल्या प्रत्येक पेपरवर ते असायचंच, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'पहिलं नाव' म्हणत. दुसरं नाव संचालकांचं, तिसरं प्रमुखांच्या जावयाचं, ज्याचा विषय होता दगड. आणि शेवटी, जागा उरली होती म्हणून, सूनबाईचं.

सतरा नंबर कुठे थांबत होता, ते तिला आत्ता जिन्यात उभ्या उभ्या कळलं. दिव्याच्या प्रत्येक खांबापाशी.

सासरे आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते.

"बाबा, तुमचं घड्याळ कुठंय?"

सासऱ्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग छताकडे. "असेल इथंच कुठंतरी."

"ढोल्याच्या गळ्यात आहे."

"चला, सापडलं म्हणायचं!"

"बाबा, तुम्ही एक तरी पाऊल चाललात का?"

"अगं, गुडघे काय म्हणतायत माझे! आणि पावलं कमी पडली असती तर तुझंच नाक कापलं गेलं असतं. घरचं माणूस म्हणून तुझ्या भल्यासाठी केलं हो."

"मग रक्तदाब कसा उतरला?"

"तो उतरणारच. ढोल्या फिरायला गेला की मी मस्त ताणून द्यायचो."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही शुद्ध फसवणूक आहे! पायपीट कुत्र्याची आणि नाव तुमचं?"

आता सासरेही भडकले. "मला नको शिकवूस! तुझे ते साहेब दुसरं काय करतात? राबायचं तू, नाव त्यांचं. तिथे बरी तुझी दातखीळ बसते! मी निदान ढोल्याला बिस्किटं तरी घालतो."

ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासत बसली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती बागेपाशी थांबली. वर्तमानपत्राने 'थांबा-धावा'ची बातमी चौकटीत छापली होती आणि बागेतली सगळी म्हातारी मंडळी मनोभावे तिची अंमलबजावणी करत होती. धावायचं, खांब आला की थांबायचं, पुन्हा धावायचं. एक आजोबा तर खांबाला मिठी मारून धापा टाकत होते.

"बसा आधी, आजोबा!" तिने त्यांना धरून बाकावर बसवलं.

"बसून कसं चालेल? अजून पाच खांब राहिलेत. मोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय!"

ती रडायच्या बेतात होती आणि तिला भयंकर संतापही आला होता. सासऱ्यांचा, पहिल्या नावाचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"पेपर मागे घ्यायचा?" पहिलं नाव खुर्चीतून अर्धवट उठलं. "डोकं फिरलंय का मॅडम तुमचं? कुत्रा काय तक्रार करायला येणार आहे?"

"सर, म्हातारी माणसं खांबाखांबाला धापा टाकतायत."

"व्यायामात धाप लागतेच. तुमच्या नोकरीचा विचार करा जरा!"

नोकरीचं दुखणं जुनं होतं. कायम व्हायचं तर एकटीच्या नावावर एक तरी पेपर हवा, हा संस्थेचा नियम. आणि पहिल्या नावाशिवाय एकही पेपर बाहेर जाता कामा नये, हा पहिल्या नावाचा नियम. या दोन नियमांच्या कात्रीत ती सहा वर्षं हंगामी होती. यंदा तिच्यासाठी संस्थेचा नियम शिथिल करावा, अशी शिफारस करायचं प्रमुखांनी कबूल केलं होतं.

"हा पेपर गेला तर ती शिफारसही गेली समजा," ते म्हणाले.

"समजले," सूनबाई म्हणाली. जागेवर येऊन तिने नियतकालिकाच्या संपादकबाईंना सगळं कळवलं. कुत्रा, पट्टा, खांब, काही म्हणता काही लपवलं नाही. सहा वर्षांवर आपल्या हाताने पाणी सोडत होती ती.

संपादकबाईंनी चारही लेखकांना पत्र धाडलं. या संशोधनात आपण नेमकं काय काम केलं, ते प्रत्येकाने लिहून द्यावं. ही उत्तरं माघारीच्या सूचनेसोबत छापली जातील, असंही पत्राच्या शेवटी होतं. पण स्वतःचा पेपर न वाचणारी माणसं पत्र कसलं शेवटपर्यंत वाचतायत! नावासाठी धक्काबुक्की करणाऱ्यांची आता नाव काढून घ्यायला झुंबड उडाली. संचालकांनी लिहिलं, 'माझं नाव यात कसं आलं, मला ठाऊक नाही.' जावयाने लिहिलं, 'सासऱ्यांचं मन मोडवलं नाही.' आणि प्रमुखांनी ठणकावून लिहिलं, 'या घड्याळांशी, त्यांच्या नोंदींशी आणि त्यावरच्या कुठल्याही लेखनाशी माझा काडीचाही संबंध नाही.'

तिघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच खरं लिहिलं होतं, आणि ते जसंच्या तसं छापून आलं. वर्तमानपत्रातही त्याची बातमी आली आणि बागेतली धावाधाव थांबली. संपादकबाईंनी सूनबाईला खासगीत विचारलं, "बाकीची घड्याळं तपासलीत का?"

तिने तपासली. एक नातवाच्या पायात निघालं, एक झोक्याला बांधलेलं, एक तर चक्क कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवलेलं. घरी दिलेली घड्याळं कशी खोटं बोलतात आणि ते कसं ओळखावं, यावर तिने नवा पेपर लिहिला. संपादकबाईंना तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी प्रमुख हसत हसत तिच्या टेबलापाशी आले. "झालं गेलं विसरू या, मॅडम. या पेपरवर माझं नाव पहिलं नसलं तरी चालेल हो. दुसरं घाला."

"घातलं असतं, सर. पण घड्याळं तीच आहेत आणि नोंदीही त्याच." तिने छापील पान पुढे सरकवलं. "तुमचा काडीचाही संबंध नाही. तुम्हीच लिहिलंय."

प्रमुखांनी पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. महिन्याभराने, एकटीच्या नावावर पेपर असल्याच्या दाखल्यावर त्यांनाच सही करावी लागली. पेन चालत नाही म्हणून त्यांनी तीन पेनं बदलली.

घरी सासऱ्यांनी चष्मा लावून पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. "माझं नाव कुठंय?"

"घड्याळ घालणाऱ्यांची नावं गुप्त ठेवावी लागतात, बाबा."

"आणि हे खाली काय आहे? आभार, ढोल्या?"

"शेजारीणबाईंची परवानगी घेतलीय मी."

"म्हणजे कुत्र्याचं नाव छापता, आणि माझं नाही?"

"चालला तो, बाबा."

सासऱ्यांच्या संतापाला पारावार उरला नाही. तरातरा चपला घालून, दार आपटून ते बाहेर पडले आणि तणतणत बागेला अख्खी फेरी मारून आले, एकाही खांबापाशी न थांबता. घड्याळ तेवढं घरीच राहिलं होतं.