घसरणीचा अभ्यास दौरा

एका जंगलात, मुलांनो, एक ठिसूळ उतार होता आणि त्याच्या पायथ्याशी सगुणा साळिंदरीचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं. गेल्या पावसात माती बिळाच्या तोंडापर्यंत घसरत आली होती. यंदा ती आतच येणार, हे सगुणाला कळत होतं. पाऊस महिन्यावर आला होता.

ती जंगल समितीकडे गेली. सभापती अस्वलकाका म्हणाले, "विषय गंभीर आहे. मुळात घसरण म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं."

"म्हणजे परदेश दौरा," सचिव कोल्हा म्हणाला. "तिकडे पायाला फळी बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरतात. स्नोबोर्डिंग म्हणतात त्याला."

ठराव एकमताने झाला. मग डोंगर निवडायला बैठका सुरू झाल्या.

एका डोंगरावर बर्फ उत्तम, पण नाश्त्याला पोहे नव्हते. दुसऱ्यावर पोहे होते, बर्फ नव्हता.

"पोहे असतील तर बर्फाचं बघू काहीतरी," अस्वलकाका म्हणाले.

"काका, उतारावर वाळा लावला तर त्याची मुळं माती धरून ठेवतात," सगुणा म्हणाली.

"सगुणाबाई, विषयाला धरून बोला," कोल्हा म्हणाला. "आत्ता नाश्त्याचं चाललंय."

सगुणाच्या अंगावरचे काटे ताठ झाले. ती उठली. ओढ्याकाठचा वाळा आणून तिने पिल्लांना हाताशी घेऊन वीस दिवस उतारावर लावला. वळवाचा पाऊस पडला. एक ढेकूळही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती उतारावर आली. पोह्यांचा डोंगर पक्का झाला होता. गळ्यात नवे मफलर होते. उतार पाहून अस्वलकाकांचा चेहरा पडला.

"हे काय केलंस, पोरी? आता अभ्यास कशाचा करायचा?"

"दौऱ्याची गरजच उरली नाही, काका."

"तेच तर म्हणतोय."

कोल्ह्याने रानडुकरांना हाक मारली. ती वाळा उकरायला लागली.

"परत आलो की लावू," अस्वलकाका समजुतीने म्हणाले. "शास्त्रशुद्ध लावू."

"आणि मधे पाऊस आला तर?"

"बरंच होईल. अहवालाला आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो लागतात. तू इथेच आहेस ना? काढून ठेव."

सगुणाने पिल्लांना पुढे घातलं आणि ती टेकडीपलीकडे निघून गेली.

समिती पोहे खाऊन परतली. अहवालात लिहिलं होतं: उताराखाली आता कोणीही राहत नाही. दौरा यशस्वी.

तात्पर्य: संकट परस्पर दूर करू नये. त्याच्यावर चार जणांचा प्रवास ठरलेला असतो.