वेलांटीरावांची सोंगं आणि मुक्याचं नाक

"आठ दिवस. नवव्या दिवशी हा कुत्रा दाराशी कोणीही आलं तरी हूं की चूं करणार नाही," असं वेलांटीरावांनी घरमालकांना तोंडावर सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने शिलाई मशीन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. नवऱ्याची आश्वासनं तिला पाठ होती.

वेलांटीराव छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून तिथल्या मंडळींनी त्यांना हे नाव दिलं होतं. कुत्र्याचं नाव मुक्या. आणला तेव्हा पहिले तीन दिवस त्याने तोंडातून आवाज काढला नव्हता, आणि घाईघाईने नाव ठेवून झालं. चौथ्या दिवशी बेल वाजली आणि मुक्या असा भुंकला की ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई माप न देताच जिना उतरली.

वरच्या मजल्यावर घरमालक राहत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, दुपारच्या झोपेचे पक्के. ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या रविवारी मी स्वतः बेल वाजवीन. भुंकला, तर त्याची दुसरीकडे सोय करा."

वेलांटीरावांची योजना साधी होती. रोज नवा पाहुणा आला की मुक्याला पाहुण्यांची सवय होईल. पण एवढे पाहुणे आणायचे कुठून? मग त्यांनी स्वतःच पाहुणा व्हायचं ठरवलं. छापखान्यातून दुपारी तासभर सुट्टी काढायची, कोणाचे तरी कपडे मागून घ्यायचे आणि आपल्याच घराची बेल वाजवायची. सोमवारी ते शिपायाच्या रेनकोटात आले. मंगळवारी हेल्मेट घालून हातात खोकं. बुधवारी नकली मिशा, गुरुवारी डॉक्टरचा पांढरा कोट आणि लंगडी चाल.

मुक्या एकदाही भुंकला नाही. शेपूट हलवत दाराशी येई आणि बसे.

"बघितलंस?" वेलांटीराव मिशा सोलत म्हणाले. "शिकवायची हातोटी लागते."

शुक्रवारी मालकीणबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ, सांगू नये, पण सांगते. तुम्ही कामावर असता तेव्हा तुमच्या घरी रोज वेगळा पुरुष येतो."

"तो मीच," वेलांटीराव अभिमानाने म्हणाले.

"अहो, काल तर लंगडा होता."

"तोही मीच."

मालकीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर सोडू नका," म्हणाल्या आणि डोळे पुसत वर गेल्या.

रविवारी सकाळी दहाला मालकांनी बेल वाजवली. पुढची दोन मिनिटं इतका आवाज झाला की कपाटातल्या बश्या थरथरल्या. मुक्या दारावर उड्या घेत होता, वेलांटीराव त्याच्या पट्ट्याला लोंबकळत होते. मालक एवढंच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सोय करा."

दार लागलं. वेलांटीरावांनी पट्टा सोडला. "काल अत्तर लावून, गमबूट घालून आलो तरी गप्प होता. आजच काय झालं याला?"

"अहो, तो तुम्हाला ओळखत होता," बायको म्हणाली. "तुम्ही गल्लीच्या वळणावर आलात की हा झोपेतून उठतो. मी रोज बघते. हेल्मेट काय नि मिशा काय, त्याला काही फरक नव्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता."

वेलांटीरावांना ते पटेना. ते मागच्या दाराने गेले, शेजारच्या रंगाऱ्याकडून टर्पेन्टाइनने माखलेला अंगरखा मागून आणला, डोक्यावर पोतं घेतलं आणि बंद दाराबाहेर श्वास रोखून उभे राहिले. बेलला हातही लावला नाही. आतून शेपटीचे फटके ऐकू आले. दाराच्या फटीशी एक ओलं नाक आलं, दोनदा हुंगलं आणि समाधानाने उसासलं.

वेलांटीराव पोत्यासकट तिथेच उभे राहिले. बावीस वर्षं ते अक्षरं वाचत आले होते. त्यांना स्वतःला एवढं बारकाईने कोणी वाचलं नव्हतं. एक दार, दहा वास, आणि त्या सगळ्याखालचा आपण. हे जनावर आपल्याला सापडलं कसं, असं त्यांच्या मनात आलं. याला आता कुठे पाठवायचं?

आत आले तेव्हा बायकोने खुंटीवरचा त्यांचा जुना तपकिरी स्वेटर काढला होता.

संध्याकाळी मालक आले तेव्हा तिने त्यांना जिन्यातच अडवलं. "काका, एकदाच हा अंगात घाला आणि मग बेल वाजवा. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हात बाह्यांत घातले. स्वेटर पोटावर येऊन थांबला. बेल वाजली.

भुंकणं ऐकू आलं नाही. वेलांटीरावांनी दार उघडलं. मुक्या पुढे गेला. स्वेटर हुंगला, मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा स्वेटर हुंगला. मग मागे वळून त्याने वेलांटीरावांकडे असं पाहिलं की जणू एकच ओळ दोनदा छापली गेली आहे. शेवटी मालकांच्या चपलेवर हनुवटी टेकवून तो आडवा झाला.

मालक हलले नाहीत. आयुष्यभर शिट्टी फुंकून गाड्या सोडणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "याला हात लावला तर चालेल का?"

मुक्या राहिला. मालक रोज चारला खाली येऊ लागले, अंगात तोच स्वेटर. पुढे तर मुक्याच दुपारी दोनला वर जाऊ लागला. दुपारची झोप दोघं मिळून काढत.

थंडी पडली तेव्हा वेलांटीराव बायकोची शाल पांघरून प्रुफं तपासत होते. तिसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या. "स्वेटर मागून आणा की," बायको म्हणाली. वेलांटीराव वर गेले. मालक आरामखुर्चीत पहुडले होते, मुक्या त्यांच्या मांडीवर अर्धा मावला होता.

"काका, तो स्वेटर," वेलांटीराव चाचरत म्हणाले, "माझा होता."

मालकांनी एक डोळा उघडला. "तुमचा? विचारा मुक्याला."

वेलांटीरावांनी मुक्याकडे पाहिलं. मुक्याने त्यांना ओळखलं, शेपूट एकदा हलवली, आणि तपकिरी बाहीत नाक खुपसून डोळे मिटले.

वेलांटीराव शिंकत खाली आले.